आधी कौलं, मग केर

केळव्याला माझ्या माहेरी घराची सफाई जमिनीपासून कधीच सुरू झाली नाही. आधी माणूस कौलांवर चढायचा. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाकारणीचा गडी यायचा आणि आदल्या रात्री आजी सगळ्यांना बजावायची, उद्या सकाळी कोणी डोक्यावरून न्हायचं नाही. न्हाऊन उपयोगच नव्हता. कौलं हलली की वर्षभराची काजळी, पालींची अंडी आणि उंदरांनी जमवलेला पाचोळा थेट डोक्यावर.

या आवराआवरीला आमच्याकडे वेगळं नाव नव्हतं. ती आगोटीचाच भाग. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी: तांदूळ, मसाला, सुकट, बोंबील, सरपण. सात जूनच्या आसपास मृग लागतो, त्याच्या आत सगळं घरात यायला हवं. आणि सामान ठेवायचं तर जागा आधी रिकामी आणि कोरडी हवी. कोकणातलं घर बायकांना हौस आहे म्हणून झाडलं जात नसे, पाऊस मुदत घालून द्यायचा म्हणून झाडलं जायचं.

तीन दिवसांत अख्खं घर व्हायचं. पहिल्या दिवशी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, आढं-वासे झाडायचे. दुसऱ्या दिवशी भिंती. तिसऱ्या दिवशी जमीन. वरचा केर खाली पडतो, म्हणून शेवटी एकदाच काढायचा; ही अक्कल आजीला कोणी शिकवली नव्हती. शिवाय सावड होती. आज आमच्या घरी आळीतल्या चार बायका, परवा त्यांच्याकडे आम्ही. आणि खरं सांगायचं तर घरात हलवायला होतं काय? दोन पेट्या, एक कणगी, पाटा-वरवंटा आणि वळकट्या. माझ्या आजच्या स्वयंपाकघरातल्या एका कपाटात त्याहून जास्त वस्तू आहेत. झटपट सफाईच्या युक्त्या लोक हल्ली एकमेकांना सांगतात, तेव्हा मला ती कणगी आठवते.

सारवण मात्र आजी दुसऱ्या कोणाला करू देत नसे. शेणकाल्यात चुलीतल्या कोळशाची पूड घालायची, त्याने जमीन काळसर, गुळगुळीत दिसे. माजघराच्या आतल्या कोपऱ्यात बसून सुरुवात, मग हाताचे अर्धगोल काढत मागे मागे सरकायचं. शेवटचा हात उंबऱ्याशी फिरायचा तेव्हा ती स्वतः पडवीत असायची. आत राहिलेली वस्तू दुपारपर्यंत आतच. माझी पाटी अशी दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा मला शाळेत उभं राहावं लागलं.

भिंतींना चुना. किनाऱ्यावर शिंपा भाजून चुना करत. तो भिजवून, नीळ टाकून, शिंदीच्या देठाचं टोक ठेचून केलेल्या कुंच्याने फासायचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी माणसं घरोघर शिरून हेच करत होती: भिंतींना चुना आणि काळोख्या खोल्यांवरची कौलं काढून आत ऊन. पुढच्याच वर्षी त्यासाठी साथरोगाचा कायदा झाला. आमच्या गावात कौलं काढून ऊन आत सोडण्याचा रिवाज कायद्याविना चालत होता. फरक एवढाच, की आम्ही कौलं परत लावत होतो.

पण आजीचं सगळंच बरोबर होतं असं नाही. १९५३ साली देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. फवारणीवाले येऊन भिंतींवर डीडीटी मारून जात. डास भिंतीवर टेकला की मरावा, अशी त्यामागची कल्पना. म्हणून भिंत काही महिने सारवू नका, असं ते बजावून सांगत. आजीला तो पांढुरका ओघळ घाण वाटायचा. फवारणीवाले वळणावर दिसेनासे झाले, की पडवीच्या कुडावर शेणमातीचा हात फिरलाच. औषध आत गाडलं गेलं आणि डास वरच्या स्वच्छ भिंतीवर निवांत बसले. असं गावोगाव झालं.

रेल्वेच्या पूर्वेला, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर सारवणाचा हिशेब आणखी वेगळा. कारवीच्या कुडावर शेणमाती, त्यावर गेरू, आणि लग्न असलं की तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहीत, त्यात पालघट देवी. पुढचं सारवण आलं की चित्र गेलं. त्याचं कोणाला दुःख नव्हतं, पुढच्या लग्नाला नवं यायचंच. १९७० नंतर भास्कर कुलकर्णींसारख्या माणसांनी कागद नेऊन दिला, गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी किती पिढ्यांची चित्रकला घर स्वच्छ ठेवण्याच्या पायी पुसली गेली, ते मोजायची सोय नाही.

लग्न होऊन मी बोईसरला आले. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू होतं, मागोमाग एमआयडीसी वाढली होती. आमची चाळ स्लॅबची. शाकारायचं काही नाही, सारवायचं काही नाही, गॅसमुळे काजळीही नाही. आवराआवर मेमधून निघून नवरात्राच्या आधी गेली, आणि तीन दिवसांची एका शुक्रवारवर आली, कारण नवऱ्याच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, सून मुंबईला नोकरीला जाऊ लागली, तेव्हा शुक्रवारचा रविवार झाला. सर्वांत वेगवान सफाई मात्र माझ्या नणंदेने केली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हा वीस वर्षं माळ्यावर पडलेली तांब्या-पितळेची भांडी तिने एका दुपारी खाली उतरवली.

एक गोष्ट मी सोडलेली नाही. बलिप्रतिपदेला उजाडायच्या आत घर झाडायचं, केर जुन्या सुपात भरायचा, वर झिजलेली केरसुणी आणि पेटता दिवा ठेवायचा, आणि ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत बाहेर नेऊन ठेवायचा. केळव्याला तो उकिरड्यावर जायचा. इथे इमारतीत उकिरडा नाही. पहिल्या वर्षी मी कचऱ्याच्या डब्याशेजारी दिवा ठेवला, तर वॉचमन आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आला. आता मी त्याला आदल्या रात्री सांगून ठेवते.

माहेरचं घर अजून उभं आहे, भावाचं कुटुंब तिथे राहतं. कौलं चाळणारा माणूस गेल्या मेमध्ये मिळाला नाही. जो होता तो म्हातारा झाला, त्याचा मुलगा बोईसरला कंपनीत आहे. भावाने कौलांवर निळी ताडपत्री टाकली आहे. खालची जमीन मात्र वहिनी रोज पुसते.