लिनहान यांची द्वंद्वात्मकता
मार्शा लिनहान यांची डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी आम्हांस विचारांच्या इतिहासातही महत्त्वाची वाटते. आत्महत्येच्या उंबरठ्यावरील रुग्णाला केवळ 'बदल' म्हटले की तो दुखावतो. केवळ 'स्वीकार' म्हटले, तर दुःख तसेच राहते. सिएटलमध्ये लिनहान यांनी हे विरोधी ध्रुव एकत्र आणले. (द्वंद्वात्मकता आपण हेगेल-मार्क्सपुरतीच राखून ठेवली होती!) सजगता झेन साधनेतून आली. भावनावेग अनावर झाल्यास चेहरा गार पाण्यात बुडवणे, अवाजवी भीती मागे खेचीत असता मुद्दाम पुढे जाणे, अशी कौशल्ये येथे गटात, गृहपाठासह शिकवली जातात. १९९१ च्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी आढळले. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, लिनहान स्वतःच हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. हे त्यांनी जाहीर केले ते २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात.