गणित सोडून डॉक्टर : एका वाटणीची कुळकथा

दहावीचा निकाल लागला की पवईतल्या घराघरांत आणि क्लासेसमध्ये एकच चर्चा रंगते : पीसीएम की पीसीबी? इंजिनीअर व्हायचं तर गणित, डॉक्टर व्हायचं तर जीवशास्त्र आणि मन ठरत नसेल तर दोन्ही, म्हणजे पीसीएमबी. ‘मेडिकललाच जायचंय ना, मग मॅथ्स कशाला? तेवढा वेळ नीटला मिळेल,’ हा सल्ला शेजारी, नातेवाईक, क्लासचे सर सगळेच देतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा वैद्यकशास्त्राचाच नियम असावा. तो तसा नाही. त्याचं कूळ शोधत गेलं की गाठ पडते ती परीक्षांशी, वेळापत्रकांशी आणि जागांच्या टंचाईशी.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झालं, मुंबई विद्यापीठ 1857 साली. विद्यापीठाच्या कुठल्याही शाखेत पाऊल टाकायचं तर आधी मॅट्रिक व्हावं लागे आणि मॅट्रिकला अंकगणित, बीजगणित, युक्लिडची भूमिती यांतून कोणाची सुटका नव्हती. पुढे वकील व्हा नाहीतर डॉक्टर, गणिताचा उंबरठा सगळ्यांना सारखाच होता.

वाटणी झाली ती मॅट्रिकनंतरच्या टप्प्यावर. इंटर सायन्सला दोन गट असत. ए ग्रुपला गणित, बी ग्रुपला जीवशास्त्र. इंटरच्या गुणांवरच पुढचे प्रवेश ठरत. ए ग्रुपवाला इंजिनीअरिंगकडे वळे, बी ग्रुपवाला मेडिकलकडे. 1960 पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात असलेल्या गुजरातमध्ये आजही बारावी सायन्सची मुलं ‘ए ग्रुप, बी ग्रुप’ असंच म्हणतात. आपल्याकडे 10+2+3 चा आकृतिबंध आला, 1975 साली दहावीची पहिली परीक्षा झाली, इंटर गेलं आणि ज्युनियर कॉलेज आलं. ए-बी ही अक्षरं गेली, पीसीएम-पीसीबी आली. वाटणी मात्र होती तशीच राहिली. उलट, निवड आणखी कोवळ्या वयात, पंधराव्या-सोळाव्या वर्षी करावी लागू लागली.

त्याआधीच, इंटरच्या काळात, पवईने वाटणीची दुसरी बाजू पक्की केली होती. आयआयटी मुंबईची पहिली तुकडी 1958 साली वरळीच्या सस्मिरा संस्थेच्या इमारतीत बसली. पवईत पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली ती 10 मार्च 1959 रोजी. आयआयटीच्या संयुक्त प्रवेश परीक्षेत भौतिक आणि रसायन यांच्या जोडीला गणित आलं, जीवशास्त्राला जागा मिळाली नाही. मेडिकलच्या बाजूला नेमकं उलटं घडलं. राज्याच्या सीईटीतही दोन गट राहिले. 2013 साली पहिल्यांदा झालेली आणि न्यायालयीन वळणं घेत 2016 साली परतलेली नीट 720 गुणांची. त्यांतले 360 जीवशास्त्राचे, 180-180 भौतिक आणि रसायनाचे. ज्याला गुण नाहीत त्याला वेळ नाही, या हिशेबाने गणित बाहेर पडलं.

पण ते खरोखर बाहेर पडलं का? नीटच्या क्लासमध्ये फिजिक्सची सुरुवात बहुतेक ठिकाणी ‘बेसिक मॅथ्स’ने होते. अकरावीत वेग शिकताना डेरिव्हेटिव्ह लागतो, बारावीत अभिक्रियेचा दर काढताना लॉगरिदम लागतो. सोडलेलं गणित असं मागच्या दाराने, घाईघाईत आणि फक्त सूत्रांपुरतं परत येतं.

दवाखान्यात तर ते रोज येतं. 12 किलो वजनाच्या मुलाला ताप आहे. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम धरलं तर एका वेळचा डोस 180 मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमची बाटली असेल तर साडेसात मिलिलिटर द्यायचं. तेच औषध 250 च्या बाटलीत असेल तर 3.6 मिलिलिटर. इतपत त्रैराशिक शाळेतच होतं. खरी कसोटी पुढे आहे. समजा, हजार माणसांत एक आजार दहा जणांना आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी 90 टक्क्यांना बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी 90 टक्क्यांना बरोबर सोडते. म्हणजे दहांतले नऊ आजारी पॉझिटिव्ह येतील, पण 990 निरोग्यांतलेही 99 जण पॉझिटिव्ह येतील. एकूण 108 रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्यांतले खरे आजारी नऊच, म्हणजे बारांत एक. हे ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही तो डॉक्टर उरलेल्या अकरांना विनाकारण घाबरवील. एमबीबीएसला कम्युनिटी मेडिसिनमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स शिकवतात, पण तोवर मुलांची गणिताची सवय सुटलेली असते आणि धास्ती घट्ट झालेली असते.

याची दुसरी रीतही असू शकते. अमेरिकेत मेडिकलला जाऊ पाहणारी मुलं आधी पदवी घेतात. अनेक कॉलेजांत प्रवेशानंतर गणिताची प्लेसमेंट टेस्ट होते. कुणाला बीजगणितापासून सुरुवात करायची आणि कुणाला थेट कॅल्क्युलसला बसवायचं, एवढंच ती ठरवते. दार बंद करत नाही. तिथल्या एमकॅट या प्रवेश परीक्षेत कॅल्क्युलस विचारत नाहीत, पण आकडेवारीवरून निष्कर्ष काढता येतो का हे तपासतात. विद्यार्थी कुठे उभा आहे हे पाहून पुढची वाट देणारी परीक्षा आपल्याकडेही हवी.

कारण गणित आणि जीवशास्त्र यांचं वैर आपल्या परंपरेतही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ. 1944 साली त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र मांडलं. ‘कोसंबी फंक्शन’ म्हणून आनुवंशशास्त्रज्ञ ते आजही वापरतात. खुद्द पवईच्या आयआयटीत, जिथे प्रवेशाला जीवशास्त्र लागत नाही, तिथे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत नेक्सकार-19 ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती घडली आणि 2023 च्या ऑक्टोबरात तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तिथल्याच बेटिक या केंद्रात 2014 पासून डॉक्टर आणि इंजिनीअर एका टेबलाशी बसून वैद्यकीय उपकरणं बनवतात.

नियमही सैल होऊ लागले आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर 2023 च्या सूचनेनुसार पीसीएम घेऊन बारावी झालेला विद्यार्थी नंतर जीवशास्त्र हा जादा विषय देऊन नीटला बसू शकतो. गणिताकडून जीवशास्त्राकडे यायची वाट अशी मोकळी झाली. आता जीवशास्त्राकडून गणिताकडे जायची वाटही हवी. पीसीबीच्या प्रत्येक मुलाला अकरावी-बारावीत संभाव्यता, आलेख आणि संख्याशास्त्र यांचा एक नेटका पेपर द्यावा आणि नीटमध्ये त्यावर थोडे तरी गुण ठेवावेत. गुण नाहीत म्हणून जो विषय गेला, तो गुण दिल्याशिवाय परतणार नाही. तोवर ज्या घरात ‘पीसीएम की पीसीबी’ची चर्चा चालू असेल, तिथे माझं सांगणं एवढंच : झेपत असेल तर चौथा विषय सोडू नका. ही वाटणी परीक्षेच्या सोयीसाठी झाली, रुग्णाच्या सोयीसाठी नव्हे.