कागदी ठसा

ठसा म्हटला की आम्हां रंगारी मंडळींच्या डोळ्यांपुढे सागवानी लाकूड येते. जपानातील इसे प्रांतीच्या शिरोको गावचा ठसा मात्र कागदी! कागदी तुतीच्या सालीचे दोनतीन ताव टेंभुर्णीच्या जातीच्या एका फळाच्या तुरट रसाने चिकटवावयाचे, धुरी द्यावयाची, मग सुरीने नक्षी कोरावयाची. आपला ठसा रंग लावतो, हा रंग अडवितो. छिद्रांतून तांदळाची खळ कापडावर उतरवून नीळ चढवीत. खळ धुतली की नक्षी पांढरी उमटे. किशूच्या तोकुगावा घराण्याने या धंद्यास आश्रय दिला होता. १९५५ साली जपान सरकारने तेथील सहा कारागिरांना राष्ट्रीय कलेचे धारक म्हणून गौरविले. आपल्याकडील ठसे कोणी कोरले, याची मात्र आम्हांजवळ नोंद नाही. ज्ञातिबांधवांस ती नावे ठाऊक असल्यास अवश्य कळवावीत.