उजनीच्या पाण्यावर गॉगल कोणता घालावा? पोलराइज्ड चष्मा घेताना काय बघायचे

उजनीच्या कडेला मासे धरणारा माणूस दिवसाचे पाच-सहा तास नुसता पाण्याकडे बघत असतो. वरून ऊन आणि खालून पाण्याची चमक. जाळ्याला बांधलेल्या बाटल्या चमकीत हरवतात, बुडालेले खोड होडी आदळल्यावरच कळते, आणि दिवसभर डोळे बारीक करून संध्याकाळी कपाळ ठणकायला लागते. त्यामुळे भिगवणपासून कुगाव, कंदरपर्यंत आता गॉगल घालणारे वाढलेत. चांगलीच गोष्ट आहे. पण यातले बरेच गॉगल आठवडे बाजारात दीडशे-दोनशेला घेतलेले असतात. काच काळीभोर, वर पोलराइज्डचा स्टिकर. पाण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि डोळ्याला कधी कधी तोटाच होतो.

घोटाळा इथे होतो की तीन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो. काच किती काळी आहे, ती अतिनील म्हणजे यूव्ही किरण अडवते का, आणि ती पोलराइज्ड आहे का. काळी काच फक्त उजेड कमी करते. चमकही कमी होते आणि मासाही अंधारात जातो, म्हणजे बेरीज-वजाबाकी जिथल्या तिथे. यूव्ही अडवण्याचा गुण डोळ्याला दिसत नाही. पांढऱ्या स्वच्छ काचेतही तो असू शकतो आणि काळ्याकुट्ट काचेत नसूही शकतो. नसला तर काम अवघड होते, कारण काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण जास्त आत जातात. मोतीबिंदू होण्याच्या कारणांत अतिनील किरण धरले जातात. बुबुळाकडे सरकणारे मांस वाढते, त्यातही उन्हाचा हात असतो. ज्यांचे अख्खे आयुष्य उघड्या पाण्यावर जाते त्यांच्यासाठी ही शोभेची वस्तू नाही, एवढे लक्षात घ्या.

आता पोलराइज्ड म्हणजे काय ते. उजेड लाटेसारखा कंप पावत येतो. सूर्याकडून येताना हा कंप सगळ्या दिशांनी असतो, पण पाण्यावर तिरका आपटून परत फिरलेल्या उजेडात तो बहुतेक आडवा असतो. डोळे दिपवणारी चमक म्हणजे हाच आडवा उजेड. पोलराइज्ड काचेत एक पातळ फिल्म असते. उभ्या गजांची खिडकी समजा. आडवी धरलेली काठी त्यातून जात नाही, उभी धरलेली जाते. फिल्म चमक अडवते आणि पाण्याच्या आतून, माशाच्या अंगावरून येणारा उजेड बराचसा सोडते. परावर्तित उजेडाचा हा गुण फ्रान्सच्या मालूस या शास्त्रज्ञाने १८०८ मध्ये हेरला. स्वस्तात बनणाऱ्या फिल्मच्या पेटंटसाठी अमेरिकेच्या एडविन लँडने १९२९ मध्ये अर्ज केला, त्यानंतर असले चष्मे बाजारात आले.

हा गुण सगळीकडे सारखा चालत नाही, आणि हे दुकानदार सांगत नाही. पाण्यावरची चमक सगळ्यात जास्त अडते ती नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तेव्हा. होडीत उभे असताना आपला डोळा पाण्यापासून साडेपाच फूट वर असला, तर सात-सव्वासात फुटांवरचे पाणी सगळ्यात स्वच्छ दिसते. त्याच्या अलीकडे-पलीकडे गुण हळूहळू कमी होतो. एकदम पायाखाली बघितले तर फरक जाणवत नाही. सकाळी सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना समोरून येणारी सोनेरी पट्टीही पूर्ण जात नाही, थोडी नरम होते इतकेच. म्हणून नवा गॉगल सकाळी सातला सूर्यासमोर घालून बघायचा आणि पैसे पाण्यात गेले म्हणायचे, असे करू नका. नऊ-दहानंतर पाण्याकडे तिरके बघा, मग कळेल. मान कलती केली तरी गुण कमी होतो, कारण खिडकीचे गजच कलतात.

दुसरी मर्यादा आपल्या पाण्याची. १९८० मध्ये भीमेवर पूर्ण झालेले हे धरण ११७ टीएमसीचे. पुण्याकडून येणारे सांडपाणी आणि शेवाळ यामुळे बऱ्याच ठिकाणी पाणी हिरवे आणि गढूळ असते. गॉगल चमक काढतो, गढूळपणा काढत नाही. हिरव्या पाण्यात फूट-दीड फुटापलीकडे काहीच दिसत नसेल, तर कितीही भारी काच घ्या, तेवढेच दिसणार. पण तेवढ्यातही पुष्कळ काही असते. काठाच्या उथळ पाण्यात चिलापीचा नर तळाला गोल खड्डे करतो. साध्या डोळ्याला वर नुसते चमकते पाणी दिसते, पोलराइज्डमधून ताटाएवढ्या खळग्या ओळीने दिसतात. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा बुडबुड्याच्या आधी तिची सावली सापडते. (पावसाळ्यात पिलांचा लाल गोळा सांभाळत फिरणारी मरळ दिसली तर तिला सोडा. एक धरली की अख्खी पिलावळ दुसऱ्या माशांच्या तोंडी जाते.)

उन्हाळ्यात पाणी उतरले की उपयोग आणखी वाढतो. पळसदेवचे जुने मंदिर वर येते ते सगळ्यांना दिसते. पण पाण्याखाली अर्धा फूट राहिलेल्या जुन्या गावांच्या भिंती, बाभळीची खोडे, विहिरींचे कठडे दिसत नाहीत. होडीच्या तोंडाला बसणाऱ्याच्या डोळ्यावर पोलराइज्ड काच असली तर हे आधी कळते. माझ्या मते मासा दिसण्यापेक्षा हा फायदा मोठा आहे. तरी गॉगल म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, ते अंगावर पाहिजेच.

दुकानात उभे राहून करायच्या परीक्षा

स्टिकरवर विश्वास ठेवू नका. दुकानदाराच्या गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर मागा. तो चालू करून त्याच्या आकड्यांपुढे गॉगलची एक काच धरा आणि गॉगल हळूहळू गोल फिरवा. पोलराइज्ड असेल तर एका ठिकाणी पडदा काळा पडतो, आकडे दिसेनासे होतात. नुसती काळी काच असेल तर कितीही फिरवा, सारखेच दिसते. मोबाइलवरही ही परीक्षा होते, पण काही मोबाइलचे पडदे नीट काळे पडत नाहीत, त्यामुळे कॅल्क्युलेटर बरा. लाल दिव्याच्या आकड्यांच्या वजनकाट्यावर मात्र काही कळत नाही. दोन पोलराइज्ड गॉगल असतील तर एकाची काच दुसऱ्यावर आडवी-उभी धरा, दोन्हींतून आरपार दिसणे जवळजवळ बंद होते.

एवढ्यावर थांबू नका, कारण हलक्या मालात फिल्म असते पण वाकडी बसवलेली असते. गॉगल घालून दुकानाबाहेर या. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटकडे किंवा पाण्याने भरलेल्या बादलीकडे तिरके बघा. मान सरळ ठेवून एकदा डावा डोळा झाका, एकदा उजवा. दोन्ही डोळ्यांना चमक सारखीच कमी झाली पाहिजे. एका डोळ्याला चमक दिसते आणि दुसऱ्याला नाही, असा गॉगल दिवसभर घातला तर डोके दुखणारच. मग गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि गॉगल डावीकडे-उजवीकडे हलवा. चौकट लाटेसारखी वाकली तर काच सदोष आहे.

यूव्हीची परीक्षा चष्म्याच्या दुकानात मशीनवर होते, मिनिटभराचे काम आहे, करून मागा. मशीन नसेल तर एक कामचलाऊ रीत आहे. पतसंस्थेत, पेट्रोल पंपावर किंवा सोनाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याखाली नोटेवरचा नंबर आणि बारीक तंतू चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरा. चमकणे बंद झाले तर काच ते किरण अडवते आहे. जवळपास तसेच चमकत राहिले तर तो गॉगल तिथेच ठेवा. काडीवर ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेले असते. अर्थ असा की ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. लिहिलेले असणे आणि खरे असणे यात फरक असतो, म्हणून ही खटपट.

काडीच्या आत १ ते ४ असा आकडाही सापडेल. तो काळेपणाचा दर्जा. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, पाण्यावरच्या दुपारच्या कामाला तो बरोबर. २ मध्ये १८ ते ४३ टक्के येतो, ढगाळ दिवस आणि सकाळ-संध्याकाळसाठी ठीक. ४ घेऊ नका. तो फार काळा असतो आणि घालून गाडी चालवायला मनाई आहे, मग घाटावरून घरी येताना काय करणार?

रंगाचे म्हणाल तर आपल्या हिरव्या-मातकट पाण्याला तपकिरी किंवा तांबूस काच. तळ आणि मासा यांतला फरक त्यात उठून दिसतो. खोल मोकळ्या पाण्यावर, भर उन्हात राखाडी चांगली, रंग जसेच्या तसे दिसतात. पिवळी फक्त पहाटे आणि ढगाळीत. निळी-जांभळी आरशासारखी काच फोटोला छान दिसते, पण तो वरचा थर असतो. आतली काच कोणत्या रंगाची आहे ते घालून बघा. दोन गॉगल घ्यायची ऐपत नसेल तर तपकिरी, दर्जा ३, एवढे डोक्यात ठेवा.

काच कशाची आहे हेही विचारा. खरी काच स्वच्छ दिसते, चरे कमी पडतात, पण जड असते आणि फुटते. गळ टाकणाऱ्याने पॉलिकार्बोनेट घ्यावे. झाडात अडकलेला गळ जोरात ओढला की शिशाचे वजन गोळीसारखे परत येते, तेव्हा न फुटणारी काच डोळा वाचवते. पॉलिकार्बोनेटला चरे लवकर पडतात, हे सोसावे लागते. स्वस्तातल्या बहुतेक पोलराइज्ड काचा टीएसी नावाच्या प्लॅस्टिकच्या थरांच्या असतात. त्या वाईट नसतात, पण उन्हात तापल्या आणि कडेने पाणी शिरले की थर सुटतात, काठावर फुगे दिसायला लागतात. असा गॉगल ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा होडीच्या इंजिनजवळ ठेवला की संपला.

फ्रेम कानापर्यंत वळलेली आणि रुंद काडीची घ्या. सपाट, छोट्या काचेच्या गॉगलमध्ये बाजूने ऊन आत येते आणि काचेच्या आतल्या बाजूवर आपलाच डोळा दिसायला लागतो. वर मोठ्या काठाची टोपी हवीच. पाण्यावरून उलटून येणारे अतिनील किरण दहा टक्क्यांहून कमीच असतात, बाकीचे सगळे वरून आणि आभाळातून येतात. टोपीशिवाय गॉगल म्हणजे अर्धे काम. मागे दोरी बांधा. जाळे ओढताना वाकले की गॉगल पाण्यात जातो आणि बुडालेला गॉगल कोणाला सापडत नाही.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांची वेगळी अडचण. नंबरची पोलराइज्ड काच करून मिळते, पण महाग पडते. चष्म्यावर अडकवायची क्लिप किंवा चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल मिळतो, तो स्वस्त आणि कामाला चांगला. चाळिशी ओलांडलेल्यांना गळाची गाठ मारताना जवळचे दिसत नाही, त्यांना उचलता येणारी क्लिप सोयीची. गाठ मारताना वर करायची, पाण्याकडे बघताना खाली.

बिननंबरचा बरा पोलराइज्ड गॉगल साधारण हजार-दीड हजारांच्या आसपास येतो. त्याच्यापुढचे पैसे बहुतेक नावाचे आणि फ्रेमचे असतात. बिल घ्या, म्हणजे थर सुटले तर बोलता येते.

धुताना आधी साध्या पाण्याखाली धरा, मग मऊ सुती कापडाने पुसा. चिखल लागलेल्या टॉवेलने किंवा शर्टाच्या टोकाने कोरडे पुसले की वाळूचे कण काचेवर रेघा ओढतात. आणि हाच गॉगल फवारणीला वापरू नका. औषध बाजूने डोळ्यात उडते, त्याला चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा लागतो, तो कृषी सेवा केंद्रात वेगळा मिळतो. अंधार पडल्यावर मोटारसायकलवरही घालायचा नाही, काच कितीही भारी असो. आणि आधीच धूसर दिसत असेल, दिव्याभोवती कडे दिसत असेल, तर गॉगल घ्यायच्या आधी डोळे तपासून घ्या. झालेला मोतीबिंदू गॉगलने जात नाही.