मताचा हक्क आणि मताचे वजन

राखीव जागांचा इतिहास आपल्या सभा-संमेलनांतून सांगितला जातो तो २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. येरवड्याचे उपोषण, बाबासाहेबांवर चहूबाजूंनी आलेले दडपण, हातचे गेलेले स्वतंत्र मतदारसंघ. हे सारे सांगितलेच पाहिजे. पण त्यानंतर दलितांच्या मताचे वजन ज्या गोष्टींनी घटत गेले त्या उपोषणासारख्या डोळ्यांत भरणाऱ्या नव्हत्या. कायद्यातले एखादे कलम, मतपत्रिका पेटीत टाकण्याची रीत, नकाशावरची रेषा, जनगणनेतला एक रकाना. या बाबी कारकुनी वाटतात म्हणून आपण त्या कारकुनांवर सोडल्या. अमेरिकेतील काळ्या माणसांनी त्या सोडल्या नाहीत. म्हणून त्यांचा अनुभव आपल्या अनुभवाशेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ जागा राखून ठेवल्या. त्यांपैकी मुंबई प्रांताच्या वाट्याला १५ आल्या. प्रत्येक जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी आपल्यातून चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चारांतून एकाला सर्वांनी मिळून निवडायचे, अशी दुहेरी निवडणूक ठरली. म्हणजे अस्पृश्यांच्या पसंतीत चौथा आलेला माणूस सवर्णांच्या मतांवर पहिला येऊ शकत होता. खोट उघड होती. तरीही करारात न लिहिलेला एक प्रश्न अजून उरला होता, आणि बाबासाहेबांच्या नजरेने तो अचूक टिपला होता : एका मतदारसंघात दोन किंवा अधिक जागा असतील तर मतदाराने आपली मते टाकायची कशी?

एक मत असे होते की मतदाराने प्रत्येक मत वेगळ्या उमेदवाराला द्यावे. दुसरी रीत क्युम्युलेटिव्ह, म्हणजे एकवट मतदानाची. दोन जागा असतील तर दोन मते, आणि वाटल्यास दोन्ही एकाच्याच पारड्यात. फरक वरवर किरकोळ दिसतो, तेव्हा हिशेब करून पाहू. एक लाख मतदारांत वीस हजार दलित आहेत असे धरा. मते विभागूनच द्यायची असतील, तर ऐंशी हजार सवर्णांना पहिले मत आपल्या माणसाला दिल्यावर दुसरे मोकळे राहते. ते राखीव जागेवरच्या, त्यांना सोयीच्या उमेदवाराकडे जाते आणि दलितांनी पसंत केलेला माणूस वीस हजारांवर अडकतो. एकवट मतदानात मात्र दलित वीस हजारांची चाळीस हजार मते एका माणसामागे उभी करू शकतात. सवर्ण उमेदवारांची आपसांत चुरस असते, त्यामुळे त्यांच्या मतदारांना दुसरे मतही तिकडेच खर्चावे लागते. राखीव जागेवर कोण बसावे हे ठरवण्याची चैन मग त्यांना परवडत नाही.

मुंबई प्रांतात १९३७ ची निवडणूक एकवट मतदानाने झाली. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले, त्यांतले बहुतेक निवडून आले आणि त्यांत राखीव जागांवरचे अकरा होते. स्वतः बाबासाहेबांनी भायखळा-परळमध्ये काँग्रेसच्या पी. बाळूंना हरवले. बाळू हे चांभार समाजातून वर आलेले नामवंत क्रिकेटपटू. त्यांना पुढे करण्यात काँग्रेसचा डाव होता. बाळूंच्या खेळाचे मोठेपण त्याने कमी होत नाही. एकवट मतदानाने सारे साधले असे मात्र म्हणता येत नाही. १९४६ साली हीच रीत असताना शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही. काँग्रेसच्या लाटेपुढे कोणतीही रीत अपुरी पडते. पण लाट ओसरल्यावर माणसाच्या हातात रीतच उरते, म्हणून तिचा विचार करायचा.

स्वातंत्र्य आले आणि ती रीत गेली. घटना समितीत १९४७ च्या ऑगस्टमध्ये मद्रासचे एस. नागप्पा यांनी एक दुरुस्ती मांडली : राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान पस्तीस टक्के मते मिळालेली असावीत. नागप्पा काँग्रेसचेच होते. सरदार पटेलांनी विरोध केला आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. पुढे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६३ व्या कलमाने ठरवले, की एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला जागांइतकी मते मिळतील, पण एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येणार नाही. एवढे एक वाक्य. त्यावर आपल्याकडे मोर्चा निघाल्याचे कोणी सांगत नाही.

त्या वाक्याचा परिणाम लगेच १९५२ साली दिसला. उत्तर मुंबई हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता. बाबासाहेब राखीव जागेवर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, अशी जोडी होती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले की एक बाद. आपल्या विरोधकाला दुसरे मत मिळू नये म्हणून ते मुद्दाम वाया घालवण्याला लोकांनी ‘मत कुजवणे’ हा शब्द दिला. कम्युनिस्टांनी तसा प्रचार केला, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. निकाल बदलला नाही. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही दोन जागा होत्या. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. त्या वेळी कार्यकर्त्यांनी मते कुजवण्याचा आग्रह धरला आणि घटनेच्या शिल्पकाराने तो मानला नाही, ही आठवण विदर्भात अजून सांगतात. माझे आजोबा निरक्षर होते, पण ‘दोन कागद, दोन पेट्या’ हा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला समजत होता.

१९५७ साली मात्र पारडे थोडे फिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात फेडरेशन समितीबरोबर होते. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून, दोघेही सर्वसाधारण जागांवरून, लोकसभेत गेले. तिकडे आंध्रातल्या पार्वतीपुरम या दोन जागांच्या मतदारसंघात दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार आले आणि व्ही. व्ही. गिरी पडले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५९ साली न्यायालयाने सांगितले, की जमातीचा माणूस अधिक मते मिळवून सर्वसाधारण जागेवर येत असेल तर त्यात बेकायदा काही नाही. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, दोन जागांचे मतदारसंघच कायद्याने रद्द झाले. मतदारसंघ फार मोठे होतात आणि खर्च फार येतो, ही कारणे खरीच होती. पण ही कारणे १९५२ सालीही होती, आणि तेव्हा ती इतकी टोचली नव्हती.

आता अलाबामाकडे वळू. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शिक्षणसंस्थेमुळे टस्कीगी हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने या चौकोनी शहराची हद्द बदलून अठ्ठावीस बाजूंची केली. परिणाम असा, की सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सारे शहराबाहेर गेले, संस्थाही बाहेर गेली, आणि गोरा मतदार एकही गेला नाही. कोणाचा मताधिकार काढला नव्हता, फक्त शहर काढून घेतले होते. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला. काळ्यांनी गोऱ्या दुकानदारांकडची खरेदी बंद केली. १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती हद्द घटनाबाह्य ठरवली. १९६५ च्या मताधिकार कायद्याआधीची ही गोष्ट आहे.

त्याच राज्यातल्या लाउन्डेस परगण्यात दहांतले आठ लोक काळे होते आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांतला एकही मतदार म्हणून नोंदलेला नव्हता. नोंदणीचा लढा जिंकून तिथल्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. त्याची निवडणुकीची खूण होती काळा चित्ता. ऑकलंडच्या तरुणांनी १९६६ मध्ये ती उचलली, आणि १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. आपल्या पँथरने निवडणुकीला नावे ठेवली, तिच्या नावाचा चित्ता मात्र मतपत्रिकेवरून आला होता.

मताधिकार मिळाल्यावर गोऱ्या सत्तेने तिथे दोन युक्त्या वापरल्या : काळ्यांना एका मतदारसंघात कोंडणे, नाही तर अनेकांत विखुरणे. तिसरी आपल्या ओळखीची आहे. सगळ्या शहराचा एकच मतदारसंघ करायचा आणि सर्व जागांवर सर्वांनी मते द्यायची. मोबील शहरात तिघांचे मंडळ १९११ पासून असेच निवडले जाई. लोकसंख्येत तिसरा हिस्सा असूनही एकही काळा निवडून आला नव्हता. १९८० साली न्यायालय म्हणाले, हेतू वाईट होता हे सिद्ध करा. १९८२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा दुरुस्त करून सांगितले की परिणाम वाईट असला तरी पुरे. आणि १९८८ मध्ये अलाबामातल्याच चिल्टन परगण्याने एकवट मतदान स्वीकारले. सात जागा, प्रत्येकाला सात मते. काळ्यांची संख्या साधारण बारा टक्के, तरी बॉबी एगी हा काळा उमेदवार निवडून आला. भायखळा-परळची १९३७ ची रीत एक्कावन्न वर्षांनी अलाबामात कामी आली. याच रीतीचा पुरस्कार करणाऱ्या प्राध्यापिका लानी ग्विनिअर यांचे नाव अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९३ साली न्यायखात्यातील पदासाठी सुचवले आणि गदारोळ होताच मागे घेतले.

तिथे सारे मिळाले असे समजू नये. २०१३ मध्ये न्यायालयाने कायद्यातली पूर्वपरवानगीची तरतूद निकामी केली. २०१९ मध्ये सांगितले, की पक्षीय फायद्यासाठी ओढलेल्या रेषांत केंद्रीय न्यायालये पडणार नाहीत. दक्षिणेत काळे बहुतांशी डेमोक्रॅट आणि गोरे बहुतांशी रिपब्लिकन, त्यामुळे ‘आम्ही काळ्यांना वेगळे पाडले नाही, विरोधी पक्षाला पाडले’ हे उत्तर तयारच झाले. वर्णभेद पक्षभेदाचे कपडे घालून आला. तरीही २०२३ साली अलाबामातल्या काळ्यांनी सातांपैकी दुसरा मतदारसंघ न्यायालयातून मिळवला आणि २०२४ मध्ये तिथून त्यांचा माणूस आला.

आपल्याकडे हा दरवाजा जवळजवळ बंदच राहिला. घटनेच्या ३२९ व्या कलमाने मतदारसंघांच्या आखणीचा कायदा न्यायालयापासून दूर ठेवला आणि १९६६ च्या मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिसीमन आयोगाच्या आदेशांनाही तेच कवच दिले. या आखणीचा नियमही पाहावा. २००२ चा परिसीमन कायदा म्हणतो, की जमातींच्या राखीव जागा त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असेल तिथे असाव्यात. अनुसूचित जातींच्या जागा मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत वाटून, जिथे प्रमाण तुलनेने मोठे असेल तिथे. म्हणजे अमेरिकेत ज्याला विखुरणे म्हणून नावे ठेवतात, ते आपल्याकडे कायद्याचे सूत्र आहे.

मी घोडबंदरला राहतो. गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेत, विधानसभेला ओवळा-माजिवड्यात, लोकसभेला ठाण्यात. ठाणे लोकसभेच्या सहाही विधानसभा मतदारसंघांत एकही राखीव नाही. जिल्ह्यातली अनुसूचित जातींची जागा अंबरनाथला. महानगरपालिकेत २०१७ साली ९५ जागांसाठी चोवीस प्रभाग होते, तेवीस चौघांचे आणि एक तिघांचा. प्रभागातली राखीव जागाही सगळा प्रभाग मिळून ठरवतो, आणि चार जागांची चार मते वेगवेगळी द्यावी लागतात. माझ्या वर्गातली मुले याला ‘पॅनेल’ म्हणतात. १९५१ च्या ६३ व्या कलमाशी त्याचे काय नाते आहे, हे त्यांना फळ्यावर मांडून दाखवावे लागते.

मोजणीचा प्रश्न यापेक्षाही खोल आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेला माणूस कायद्याने अनुसूचित जातीचा राहिला नाही. नागपुरात १९६२ साली राखीव जागेवर निवडून आलेल्या डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड बौद्ध झाले म्हणून रद्द ठरली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६४ चा. जनगणनेतही तेच झाले. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जाती सहा टक्के भरल्या, आणि त्या हिशेबाने विधानसभेच्या २८८ पैकी १८ जागा राखीव झाल्या. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींत धरण्यात आले आणि १९९१ च्या जनगणनेत प्रमाण अकरा टक्क्यांवर गेले. पण जागांची संख्या गोठवलेली होती. १९९५, १९९९ आणि २००४ या तीन विधानसभा १८ जागांवरच भरल्या. २००८ च्या आखणीत त्या २९ झाल्या, लोकसभेतल्या तीनच्या पाच. मधल्या काळात, १९९८ साली, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे लोकसभेत गेले ते सर्वसाधारण मतदारसंघांतून, काँग्रेसशी झालेल्या समझोत्यावर. ऐक्य फार टिकले नाही.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून होणारी जनगणना २०२५ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यात जातीची नोंद आहे. २०११ साली महाराष्ट्रातल्या सुमारे पासष्ट लाख बौद्धांपैकी बावन्न लाखांच्या आसपास लोकांनी अनुसूचित जातीही नोंदवली होती. उरलेल्यांत असे अनेक असणार की ज्यांनी ‘बौद्ध’ लिहिल्यावर जातीचा रकाना मोकळा सोडणे हीच दीक्षेची निष्ठा मानली. त्यांना चुकीचे म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझ्या घरातही त्या रकान्यावर दोन मते आहेत. वडील म्हणतात, जी जात टाकून दिली ती पुन्हा कागदावर का लिहायची. धाकटी बहीण म्हणते, न लिहिल्यास अठरा जागांचे दिवस परत येतील. प्रगणक दारात येईल तेव्हा उत्तर वडीलच देतील, आणि बहिणीने त्यांना आतापासूनच २००८ चा आदेश वाचून दाखवायला सुरुवात केली आहे.