बाण, नळी आणि वही

गुरुवारी, ३० मे २०२४ रोजी सकाळी सव्वासातला श्रीहरिकोट्याहून ‘अग्निबाण’ उडाला. बातमी सर्वत्र आली आहे, म्हणून तपशील थोडक्यात सांगते. चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या खासगी कंपनीने स्वतःच्या प्रक्षेपणतळावरून सोडलेला हा सुमारे सहा मीटर उंचीचा चाचणी-अग्निबाण द्रवरूप ऑक्सिजन आणि केरोसीनवर चालला. त्याचे इंजिन त्रिमितीय छपाईने एकसंध घडवलेले होते, त्यात कुठेही सांधा नव्हता. आधीचे चार प्रयत्न ऐनवेळी थांबवावे लागले होते. ज्या तरमणीच्या संशोधन उद्यानात ही कंपनी वाढली, ते पेरुंगुडीतल्या माझ्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. त्या सकाळी मी गच्चीवर गेले होते. पीएसएलव्ही उडते तेव्हा हवा स्वच्छ असल्यास उत्तरेकडे धुराची रेघ दिसते. हा इवलासा बाण इतक्या दुरून दिसणार नाही हे गणिताने ठाऊक होते, तरी गेले.

नाव ऐकून येथील माझ्या सहकाऱ्यांना रामायण आठवले. मला दिवाळी आठवली. मराठीत आकाशात उडणाऱ्या फटाक्याला आपण आजही ‘बाण’च म्हणतो, आणि जुन्या मराठी कागदपत्रांत लढाईत शत्रूवर सोडलेला अग्निबाणही ‘बाण’च असतो. खेळण्याला आणि शस्त्राला भाषेने एकच नाव ठेवले आहे. यामागे भाषेचा आळस नाही. वस्तू खरोखर एकच होती: एका टोकाला बंद नळी, आत सोरा, गंधक आणि कोळसा, दिशा धरायला काठी.

या एकाच वस्तूचा आपल्याकडील इतिहास ज्याने प्रथम शिस्तीने लिहिला, तो शास्त्रज्ञ नव्हता की सेनानी नव्हता. परशुराम कृष्ण गोडे हे देवरुखचे. १९१९ पासून ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचे अभिरक्षक होते. इ. स. १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९५३ मध्ये बंगळूरहून प्रसिद्ध झाला. पुराणांतील आग्नेयास्त्र म्हणजे तोफ आणि अग्निबाण म्हणजे रॉकेट असे समीकरण मांडायला त्या काळीही पुष्कळ जण उत्सुक होते. गोड्यांनी तो मोह टाळला. कोणत्या पोथीत सोऱ्याचा उल्लेख आहे, ती पोथी कोणत्या शतकातील, आणि परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांशी ती जुळते का, एवढेच ते पाहत गेले. त्यांच्या हाती आलेला पुरावा पंधराव्या शतकाच्या मागे फारसा सरकेना, आणि ही विद्या चीनकडून आली असावी, असे त्यांनी सरळ लिहिले. आपल्याला अभिमान वाटावा असे माझ्या मते या प्रकरणात काही असेल, तर ते हे लिहिणे.

त्यांनी वापरलेल्या साधनांत हेरातकडून आलेल्या वकिलाचे विजयनगरच्या महानवमीचे १४४३ मधील वर्णन आहे, तसे संत एकनाथांचे १५७१ च्या सुमाराचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ही आहे. कृष्णाच्या लग्नात नाथांनी उडवलेली दारू ही अर्थात द्वारकेची नव्हे, सोळाव्या शतकातील पैठणची. कवी आपल्या डोळ्यांपुढचे लग्नच देवाच्या लग्नात घालतो, हे गोड्यांनी नेमके हेरले. परंतु सर्वांत मोलाचा ग्रंथ ‘कौतुकचिंतामणि’. ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकाच्या आरंभीचा. नावाप्रमाणे तो मन रिझवणाऱ्या करामतींचा ग्रंथ आहे, आणि त्यात आतषबाजीच्या प्रकारांच्या कृती श्लोकांत दिल्या आहेत: कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंपाबाण, पुष्पवर्ती, चंद्रज्योती. यांतली चंद्रज्योत आपण लहानपणी हातात धरली आहे. एका बाणाचे नाव चक्क चिचुंद्रीवरून पडले आहे. जमिनीवर वेडावाकडा पळणारा तो फटाका पाहिलेल्याला नावाचे कारण सांगायला नको.

या कृतींचे मला वाटणारे वैशिष्ट्य वेगळे आहे. घटकांची नावे तर कुणीही सांगेल. येथे प्रत्येक घटकाचे माप दिले आहे. सोरा किती, गंधक किती, कोणत्या झाडाचा कोळसा किती, पोलादाचा कीस किती. (ती मापे मी येथे देत नाही. प्रतिक्रियांत कृपया मागू नये.) एखाद्या अनामिक दारूवाल्याने अनेकदा चुकून, कदाचित बोटे भाजून घेऊन, जे शोधले, ते कुणीतरी पळा-तोळ्यांत लिहून ठेवले. मी याला प्रयोगवही मानते, छंदात बद्ध केलेली का असेना.

दारूवाल्यांची नावे मात्र कुठेच नाहीत. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवतात. तेथील राजा गावाबाहेर दारूकामाची लंका उभारतो, त्यात रावण, राक्षस, वानर सारे दारूचे, आणि हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन लंका पेटवतो. पेशव्यांना ते पाहावेसे वाटले. तशीच लंका पुण्यात करवली गेली आणि पर्वतीवरून सरदारांसह सर्वांनी ती पाहिली. उडणारा हनुमान हा, भौतिकीच्या भाषेत, दोरीवरचा घन-इंधनी अग्निबाण. तो कुणी भरला, किती वेळा आधी जमिनीवरच फुटला, हे बखरकाराला विचारावेसे वाटले नाही.

मराठ्यांच्या शेजारी म्हैसूरकरांनी याच वस्तूत एक बदल केला, आणि जगाने त्याची दखल घेतली. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीऐवजी त्यांनी लोखंडाची नळी घेतली. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे हैदर आणि टिपू यांनी कर्नल बेलीच्या इंग्रज तुकडीचा धुव्वा उडवला. इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या पेटल्या, त्याला म्हैसूरचे बाण कारण झाले असे अनेक इतिहासकार मानतात. श्रीरंगपट्टणच्या दरिया दौलत बागेतील भिंतीवर तो स्फोट अजून रंगवलेला आहे. पुढे टिपू पडल्यावर हे बाण विलायतेला गेले, त्यांच्या अभ्यासातून विल्यम काँग्रीव्हने आपले रॉकेट घडवले. वायुगतिकीतज्ज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ मध्ये हा सारा प्रवास तपासून मांडला आहे. २०१८ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीचा गाळ उपसताना हजाराहून अधिक लोखंडी नळ्या सापडल्या. दोन शतके चिखलात पडूनही त्या ओळखू येत होत्या.

लोखंडाने काय साधले? सोरा प्राणवायू पुरवतो, म्हणून ही दारू बंद नळीतही जळते. जळण्याचा वेग मात्र भोवतीच्या दाबावर ठरतो. हा संबंध फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूत्रात बसवला. दाब वाढला की जळणे वेगावते, जळणे वेगावले की वायू वाढतो, वायू वाढला की पुन्हा दाब. आत जितका वायू तयार होतो तितकाच तोंडातून बाहेर पडत राहील, तोवर तो बाण. कागदाची नळी हा दाब फारसा सोसत नाही, म्हणून तिचा बाण जेमतेम माडाच्या उंचीला जातो. लोखंड सोसते, म्हणून म्हैसूरचा बाण किलोमीटरच्या पलीकडे गेला. पण ठासलेल्या दारूला केसाएवढी चीर गेली, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो आणि वायूला तोंड अपुरे पडते. अशा वेळी कागद लवकर फाटतो आणि चिंध्या उडतात. लोखंड शेवटपर्यंत धरून ठेवते. मग ते फुटते तेव्हा त्याचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात.

हे मी १९९८ मध्ये जाणत नव्हते. दहा वर्षांची होते. मिरजेजवळच्या आमच्या गावी दिवाळीत भुईनळे घरी भरण्याची रीत होती. कुंभाराकडून मातीचे नळे आणायचे, आजोबांच्या देखरेखीखाली माळ्यावर वाळवायचे. त्या वर्षी आजोबा नव्हते. माझा पंधरा वर्षांचा आतेभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्याने भुईनळ्याची दारू बाणासाठी घेतली, आणि कागद टिकत नाही म्हणून लोखंडी नळी. तिचे एक टोक त्याने कसेबसे बंद केले होते. परसात मी त्याच्यापासून वीस पावलांवर, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला उभी होते. वृंदावनाच्या कठड्याचा कोपरा उडाला. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटे पेरापासून गेली. एवढा मोठा आवाज होऊन कुणीच ओरडले नाही, हे मला सर्वांत स्पष्ट आठवते.

पुढे बारा-तेरा वर्षांनी पदव्युत्तर वर्गात व्हिएयचे सूत्र फळ्यावर आले, तेव्हा तास संपेपर्यंत मला वहीत काही उतरवता आले नाही. दादाने म्हैसूरकरांचाच शोध पुन्हा लावला होता. फक्त त्यांच्यापाशी पिढ्यांची मोजमापे होती, आणि दादापाशी काहीच लिहिलेले नव्हते.

तसे लिहिलेले असणे हाच एके काळी गुन्हा ठरला होता. स्फोटकांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर परवान्याचे बंधन १८८४ च्या कायद्याने आले. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर जून १९०८ मध्ये त्याहून कडक असा स्फोटक पदार्थांचा कायदा काही दिवसांत संमत झाला. त्या सुमारास सेनापती बापट पॅरिसहून बॉम्बची कृती घेऊन परतले होते. कागदांवरची कृती, म्हणजे पुन्हा मापेच. ९ जून १९०८ च्या ‘केसरी’तील अग्रलेखात टिळकांनी नेमका हा मुद्दा मांडला: बॉम्ब ही मोठ्या कारखान्यात घडणारी वस्तू नसून एक प्रकारचे ज्ञान आहे, आणि ज्ञान कायद्याने जप्त होत नाही. ज्या लेखांसाठी त्यांना मंडालेची शिक्षा झाली, त्यांत हा एक होता. राजकारण बाजूला ठेवून मी तो लेख वाचते, तेव्हा मला दिसते की सोरा-गंधकाची घरगुती विद्या येथून पुढे संशयित झाली. ती उरली ती परवाना असलेल्या कारखान्यांत, पुढे शिवकाशीत, आणि चोरून पोरांच्या हातांत. जर्मनीत १९२७ साली हौशी मंडळींनी अग्निबाणांचे मंडळ काढले, त्यातून पुढचे अभियंते निघाले. आपल्याकडे असे मंडळ निघण्याजोगी हवाच नव्हती.

अपवाद एक, आणि तो मोठा मजेशीर आहे. स्टीफन हेक्टर टेलर-स्मिथ, जन्म १८९१, शिलाँग. कधी पोलिसात, कधी दंतवैद्य, आणि सदैव टपाल-तिकिटांचा वेडा. अग्निबाणातून टपाल धाडायचे त्याने मनावर घेतले. कलकत्त्यातील शोभेच्या दारूवाल्यांकडून नळ्या भरून घेऊन ३० सप्टेंबर १९३४ रोजी त्याने एका जहाजावरून सागर बेटाच्या दिशेने पहिला टपाल-बाण सोडला. तो हवेतच फुटला. विखुरलेली पाकिटे गोळा करून स्मिथने पुढच्या बाणाची तयारी आरंभली. १९३५ मध्ये सिक्कीमचे चोग्याल ताशी नामग्याल यांनी त्याला आश्रय दिला, आणि नदीपलीकडे टपाल व जिन्नस पोहोचवून दाखवण्याचे प्रयोग तेथे झाले. त्याच वर्षी जूनमध्ये दामोदर नदीवरून त्याने एक कोंबडा आणि एक कोंबडी पाठवली, आणि दोन्ही पक्षी जिवंत उतरले. दहा वर्षांत सुमारे २७० उड्डाणे त्याने केली. १९९२ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले, ते रास्तच होते.

स्मिथला भौतिकी येत नव्हती. त्याच्या बाणांत सुधारणा फारशी झाली नाही, असे मला त्याच्या उड्डाणांची हकीकत वाचून वाटते. तरीही कलकत्त्याचा हा हौशी माणूस मला आपल्या गोत्रातला वाटतो, कारण तो प्रयोगांची दैनंदिनी ठेवी. फसलेले बाणही त्याने मांडून ठेवले.

थुंब्याची कथा सर्वांना पाठ आहे, तिच्यात शिरत नाही. एवढेच आठवून पाहावे की २० नोव्हेंबर १९६७ ला उडालेला पहिला रोहिणी अग्निबाण अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा होता, मनगटाहून थोडा जाड. तो सुमारे ९ किलोमीटर उंच गेला. आत नीलगिरीतील अरुवंकाडूच्या कारखान्यातील कॉर्डाइट होते. पुढे वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घन इंधन येथेच घडवायला घेतले. त्या इंधनाच्या प्रत्येक गाभ्याचे क्ष-किरण चित्र घेतले जाते. शोधतात ती केसाएवढी चीर.

गुरुवारी मी गच्चीवरून खाली आले, तोवर दादाचा फोन येऊन गेला होता. तो मिरजेत सायकलचे दुकान चालवतो आणि माझ्या आधी अशा बातम्या वाचतो. परत फोन केला, तर अभिनंदन वगैरे काही नाही.

“अगं, त्यांनी इंजिन छापलं म्हणतात. म्हणजे त्याला सांधा नाहीच?”

“नाही, दादा. अख्खं एक.”

तो जरा वेळ गप्प राहिला.

“मग फुटायचं झालं, तर ते कुठून फुटेल?”

प्रश्न बरोबर होता. छपाईच्या थरांत राहून गेलेली पोकळी, थंडाव्याच्या नलिकेत अडकलेला कण, असे मी काहीबाही सांगत गेले. त्याने दोनदा थांबवून शब्द पुन्हा विचारले. पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता.