पास्काचा सण : आशा आणि सांत्वन

प्रभू येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, अर्थात पास्का किंवा ईस्टर, हा ख्रिस्तसभेच्या उपासनावर्षातील सर्वश्रेष्ठ सण होय. ख्रिस्तसभेच्या गणनेनुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी तो साजरा होतो. त्यामुळे त्याची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान बदलत असते. आपल्याकडे तेव्हा झाडांना नवी पालवी फुटलेली असते. तथापि ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणाचे निधन झाले आहे, त्यांच्या मनात एक प्रश्न असतो : डोळ्यांत अश्रू असताना आलेलुया कसे गावे?

सांत्वन कोणाला मिळाले?

शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभूचे दर्शन प्रथम शोकाकुल माणसांनाच झाले आहे. मरिया माग्दालिया कबरेपाशी रडत होती; प्रभूने नावाने हाक मारल्यावर तिने त्याला ओळखले (योहान २०). अम्माऊसच्या वाटेवरील दोघे शिष्य निराश होऊन यरुशलेम सोडून निघाले होते. प्रभू त्यांच्याबरोबर चालला, त्याने आधी त्यांचे दुःख ऐकून घेतले (लूक २४). प्रभूच्या गौरवी देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. म्हणजेच पुनरुत्थानाने दुःख पुसले गेले नाही, तर त्याचा शेवट बदलला. पास्काची आशा ती हीच.

मेणबत्तीची ज्योत

पवित्र शनिवारी रात्री जागरणविधीला अंधारात नवा अग्नी प्रज्वलित करून त्यावर पास्काची मेणबत्ती पेटवली जाते. तिच्यावर क्रूस, आल्फा व ओमेगा ही अक्षरे आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणे बसवतात. याच ज्योतीवरून भाविकांच्या मेणबत्त्या पेटतात. पुढे वर्षभर स्नानसंस्काराच्या वेळी हीच मेणबत्ती पेटवतात आणि अंत्यविधीत ती शवपेटीजवळ ठेवतात. बालकाच्या पहिल्या दिवशी आणि माणसाच्या अखेरच्या निरोपाच्या वेळी एकच ज्योत तेवत असते. शोकग्रस्त कुटुंबाला ख्रिस्तसभा याहून स्पष्ट शब्दांत आणखी काय सांगणार?

ठाण्याचे हुतात्मे

ही आशा आपल्या भूमीतही कसोटीला लागली आहे. एप्रिल १३२१ मध्ये थॉमस (तोलेन्तिनो), जेम्स (पादुआ), पीटर (सिएना) आणि देमेत्रियुस (तिफ्लिस) या चार फ्रान्सिस्कन बंधूंना ठाणे येथे हौतात्म्य आले. त्या वर्षी पास्काचा रविवार १९ एप्रिलला होता. म्हणजे झावळ्यांचा रविवार तोंडावर असताना ही घटना घडली. त्यांचे सहप्रवासी, डोमिनिकन धर्मगुरू जोर्दान, त्या वेळी तेथे नव्हते. त्यांनी आपल्या सोबत्यांचे देह सोपारे येथे नेऊन पुरले. परक्या देशात ते एकाकी झाले होते. त्यांच्या पत्रांत हे दुःख उघडपणे व्यक्त झाले आहे. तरीही ते माघारी गेले नाहीत. याच परिसरात राहून त्यांनी लोकांना स्नानसंस्कार दिले. पुढे १३२९ मध्ये त्यांची कोल्लमचे महागुरुस्वामी म्हणून नेमणूक झाली. शोक करणे आणि आशा धरणे ही एकाच अंतःकरणाची कामे असू शकतात, हे त्यांच्या जीवनातून कळते.

कोपरच्या भाविकांना ही दोन्ही स्थळे परकी नाहीत. कोपर स्थानकात मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग आणि दिवा-वसई मार्ग एकमेकांना छेदतात. खालच्या फलाटावरून ठाण्याची लोकल मिळते. वरच्या फलाटावरून वसई गाठता येते आणि तेथून पुढचेच स्थानक नालासोपारा. हौतात्म्याची जागा आणि दफनाची जागा यांच्यामधून आपण रोज ये-जा करीत असतो.

पन्नास दिवसांचा सण

पास्काचा आनंद एका रविवारी संपत नाही. पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत तो पन्नास दिवस चालतो. ज्यांना पहिल्या दिवशी गाता आले नाही, त्यांच्यासाठी हा अवधी फार मोलाचा आहे. २०२५ हे आशेचे पवित्र वर्ष होते. त्या वर्षी २० एप्रिलला, पास्काच्या रविवारी, पोप फ्रान्सिस यांनी आजारी असतानाही सज्जात येऊन जगाला आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देह ठेवला. पास्काच्या सप्ताहातच ख्रिस्तसभेने त्यांच्यासाठी शोक केला आणि त्याच सप्ताहात आलेलुयाही गायिले.

म्हणून या काळात ज्या घरातील एक जागा यंदा रिकामी झाली आहे, अशा एखाद्या घरी अवश्य जावे. उपदेश करू नये. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने केले तसे आधी ऐकून घ्यावे. शक्य असल्यास त्या कुटुंबासमवेत दफनभूमीत जाऊन एक मेणबत्ती लावावी. पुनरुत्थित प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.